फुंकर

एकतीस डिसेंबरच्या नाकाबंदीत
द्वारकेच्या सिग्नलला मी झोपले.
स्कूटर चालू, दोन्ही पाय टेकलेले, हेल्मेट ताठ.
सिग्नल तीनदा हिरवा झाला म्हणे.
हे बागूलबाईंनी सांगितलं. छातीवरच्या पट्टीवर
एस. डी. बागूल एवढंच होतं,
एस म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

हेल्मेटच्या काचेवर टकटक.
"किती झालीये, मॅडम?"
म्हटलं, बेचाळीस.
त्या पेगांचं विचारत होत्या, मी तासांचं सांगत होते.

मग नळी पुढे आली. फुंका.
जोरात. अहो जोरात, आजारी माणसासारखं काय करताय.

आता त्या श्वासात काय काय होतं
ते यंत्राला कसं कळणार.
डायथर्मीचा धूर होता, माणसाची चरबी जळाल्याचा,
तीनदा केस धुतले तरी उशीला लागतो तो.
कॅन्टीनच्या गार साबुदाणावड्याचं तेल होतं.
पहिल्या वर्षी साडेपाच तास धरलेला रिट्रॅक्टर होता,
अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे, कुणाला सांगत नाही.
सर सांगतात, आम्ही बाहत्तर-बाहत्तर तास काढायचो,
आणि चहाचा कप दोन्ही हातांनी उचलतात.
ते मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

आणि अकरा नंबरच्या खाटेवरचे गांगुर्डे.
दिंडोरीचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट.
फुटलेलं आतडं घेऊन दोन वराती वाजवल्या,
मग आले.
सतरा दिवस, रोज राउंडला एकच प्रश्न:
"डॉक्टरीणबाई, परत फुंकता येईल ना?"
मी रोज म्हणायचे, बघू.
हातात ती श्वासाच्या व्यायामाची डबी, तीन चेंडूंची.
दोन चेंडू वर गेले की
शाळेतल्या पोरासारखे माझ्याकडे बघायचे.

दोन वाजून दहा मिनिटांनी ते गेले.
बायको जिन्यात बसली होती, त्यांच्या चपला मांडीवर घेऊन.
आणि मला सगळ्यात आधी सुचलं काय,
तर कागदपत्रं चाळीस मिनिटं, खाट रिकामी,
म्हणजे साडेतीनपर्यंत निघता येईल.
हिशेब बरोबर आला.
जिथे रडू असायला हवं होतं
तिथे बेरीज होती.

यंत्रावर शून्य. शून्य. शून्य.
"काहीच नाही," बागूलबाई म्हणाल्या,
जरा हिरमुसून. मग माझ्याकडे नीट बघत
पुन्हा एकदा, हळू, "काहीच नाही?"
मी मान हलवली. नाही.

त्यांनी स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली.
बॅरिकेडमागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलं.
थंडी अशी की पुलाखाली कुत्रीसुद्धा एकमेकांवर.
इंदिरानगरला घरी कोण आहे, विचारलं.
रूम आहे, म्हटलं.
त्या काल दुपारी दोनपासून उभ्या होत्या,
हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, ओळख म्हणून सांगितलं.

त्यांच्या शिट्टीची दोरी तुटली होती,
सेफ्टी पिनेवर कशीबशी लटकत होती.
म्हटलं, द्या इकडे.
डोळे मिटत होते, पण बोटांना डोळे लागत नाहीत.
आधी दुहेरी वेढा, वर एक, मग उलटा एक.
रूमवरच्या ड्रॉवरच्या मुठीला अशा शेकडो गाठी आहेत,
ड्रॉवर आता उघडत नाही.

खिशात फोन थरथरला. वॉर्ड असणार.
दोन्ही हात गुंतलेले होते.
थरथरून थरथरून थांबला.

त्यांनी ओढून पाहिली. पक्की.
सवयीने मी म्हणाले, कट.
कात्री कुठली तिथे.
बागूलबाई वाकल्या,
आणि उरलेला दोरा
दातांनी तोडला.