हा नमुना उकळू नये

वहीच्या पहिल्याच पानावर, लाल शाईत, दोनदा अधोरेखित:
हा नमुना उकळू नये.
बाकीची प्रथिनं उकळावीत खुशाल,
पाच मिनिटं, झाकण घट्ट लावून.
हे एकच असं, की आच लागली की
स्वतःच्याच अंगात गोळा होऊन बसतं
आणि जेलच्या आत पाऊल टाकत नाही.

मी अर्थातच उकळला.
देब्रेत्सेनमधला माझा पहिला नोव्हेंबर.
ट्राम रानाच्या कडेला सोडून जायची
आणि इमारत धुक्यात हुडकावी लागायची.
फिल्म कोरी निघाली. एतेल्का-नेनी रागावल्या नाहीत.
पिशवीतून पोगाचा काढून अर्धी मला दिली,
म्हणाल्या, "ते वाक्य मी कशावरून लिहिलं असेल?"

तर हे प्रथिन.
पेशीच्या वेशीवर बसलेलं,
भिंतीतून बारा वेळा आरपार शिवलेलं,
आलेल्या औषधाला बखोटीला धरून बाहेर काढणारं.
लाल औषध ओतलं की साध्या पेशी भिंगाखाली
निखाऱ्यासारख्या फुलतात,
आणि ह्या काळ्या, गारठलेल्या,
जिवंत.
त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहता येत नाही.
ओळखणारं कुणीतरी पाठवावं लागतं.

जे पाठवतो, ते एका उंदरिणीचं देणं.
केव्हाच मेली ती. वहीत नाव नाही, फक्त कानाचा क्रमांक.
तिच्या प्लीहेतल्या एका पेशीची
कुणीतरी कर्कपेशीशी गाठ मारली,
मरायचं कसं हे विसरलेल्या घरात दिली म्हणा ना,
आणि ती अजून द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहे.
वितळवली की पुन्हा तेच प्रतिपिंड घडवते,
तोच एक चेहरा ओळखणारं.
कर्काची खबर काढायला कर्काचंच आयुष्य उसनं.
हे मोठ्या उत्साहाने नेनींना सांगितलं तर म्हणाल्या,
"टाकी भर आधी. पातळी खाली गेलीय."

मग दूध.
दुकानातली साधी पावडर, पाच टक्के.
पडद्यावरची रिकामी जागा दुधाने भरून टाकायची,
म्हणजे प्रतिपिंड भलत्याच्याच गळ्यात पडत नाही.
लेखा विभागातल्या त्युंदेबाईंनी पावतीवर शेरा मारला होता:
"प्रयोगशाळेत इतकी कॉफी का लागते?"
रात्रभर थंड खोलीत तबक डुलत राहतं.
पाळण्यासारखं म्हणणार होते,
पण पाळणा इतका खडखडत नाही.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली,
एकशे सत्तरच्या खुणेपाशी नजर.
पहिली रांग: नमुना चौदा, उपचाराआधी. काही नाही.
दुसरी: तोच माणूस, सात महिन्यांनी.
पट्टी उमटली,
काजळाचं बोट ओढल्यासारखी.
तिसरी: निरोगी मूत्रपिंड, पडताळ्यासाठी.
तिथेही पट्टी.

माझं परत काहीतरी चुकलं, म्हणून वळले.
"तिथे ते असायलाच हवं," नेनी म्हणाल्या.
"मूत्रपिंडात, आतड्यात, मेंदूच्या उंबऱ्यावर.
तुला काय वाटलं, ते आजाराचं आहे?
ते घर राखतं.
घर कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."

वॉर्डातून डॉक्टर चोंगोरचा फोन.
"आहे?"
"आहे."
बराच वेळ नुसता श्वास, मागे ट्रॉलीची चाकं.
"परत करशील? नव्याने?"
संशय नव्हता त्यात. वेळ मागत होता.

फ्रीजरमधून कुपी काढली.
तळाशी एका खेपेपुरतं उरलं होतं.
नेनी कोट चढवत होत्या, पाच वीसची ट्राम.
जाता जाता, माझ्याकडे न बघताच,
त्यांनी उकळायच्या यंत्राचं बटण बंद केलं.