बोटांचे ठसे

त्या जूनमध्ये शाळेत आम्ही नऊ मुलं होतो
आणि काचेच्या टाकीत सहा क्रेफिश.
टपालानं आले होते, ओल्या शेवाळात गुंडाळून,
दोन हजार मैलांवरच्या कुठल्याशा कंपनीकडून.
डेल्बर्टनं सगळ्यात मोठ्याचं नाव ठेवलं कर्नल;
ती मादी आहे
हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

वर्ष संपलं. मिसेस ऑस्टलंड म्हणाल्या,
पाण्याचं पाण्याला परत द्यावं.
बादलीची कडी एका बाजूनं त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूनं मी.
जुनिपरच्या वासातून, गुरांच्या काटेरी तारेखालून वाकून
आम्ही टॅमरॅकच्या ओढ्यावर गेलो.
टाळ्या वाजवल्या. कुणीतरी थोडं रडलंही.
कर्नल शेपटी झटकत, उलटी पोहत
दगडाखाली गेली,
तोंड शेवटपर्यंत आमच्याकडे ठेवून.

आता मी त्या ओढ्याची पगारी नोकर आहे.
मांडीभर पाण्यात उभी राहून दगड उलथते,
कोंबडीच्या काळजाचे तुकडे पिंजऱ्यात टांगते,
वहीत मैल लिहिते.
पहिला सापडला तो चौदा वर्षांनी,
फेरिसांच्या पुलाखाली, एका पोराच्या गळाला.
मग प्रवाहाबरोबर वर्षाला पाच मैल, कधी आठ.
प्रवाहाविरुद्ध जेमतेम अर्धा,
पण तो अर्धाही कधी चुकवलेला नाही.
वाटलं होतं, वरच्या धबधब्याशी तरी अडतील.
ऑगस्टच्या एका रात्री बॅटरी मारली
तर ओल्या खडकावरून, पाण्याबाहेर,
एकटाच एक चढत होता,
सावकाश,
जसं कुणी चपला हातात घेऊन
उशिरा घरी येतं.

ते गेले तिथलं पाणी फार नितळ दिसतं.
सुट्टीला आलेले लोक थांबून फोटो काढतात.
त्यांना कसं कळावं की तळाशी गवत असायचं,
गवतात गोगलगायी,
आणि आमचे जुने क्रेफिश,
नांगीच्या बिजागरीवर चुन्याचं बोट लावल्यासारखे,
बिळं गमावून उघड्यावर आले
ते ट्राउटच्या तोंडात गेले.
नितळ म्हणजे रिकामं.
हे मला इंजिनिअरांच्या बैठकीत नीट सांगता आलं नाही.

नवख्यांची खूण सोपी आहे:
कवचाच्या दोन्ही अंगांना एकेक गंजका डाग,
अंगठा आणि बोट रंगात बुडवून
कुणी अलगद उचलावं तसे.
मी उचलते तेव्हा माझी बोटं
नेमकी तिथंच बसतात.

वार्षिक अहवालात एक रकाना असतो,
प्रजाती कशी आली?
तेवीस वर्षं मी तिथे लिहिते आहे
अज्ञात.

रविवारी मिसेस ऑस्टलंडना भेटायला जाते.
ब्याण्णव वर्षं. खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर निळी शाल.
मुलाचं नाव त्यांना आठवत नाही,
सकाळी काय खाल्लं तेही.
पण मला पाहिलं की विचारतात,
"इडोया, आपली ती कर्नल, जगली असेल का ग?"

माझ्या पिशवीत ओली वही असते.
परवाच्या एका मादीच्या शेपटीखाली
काळ्या मण्यांसारखी अंडी, एकशे एकोणनव्वद.
मी दोनदा मोजली होती.

"जगली, बाई," मी म्हणते.
"चांगली लेकुरवाळी झाली."
त्या हसतात. टाळी वाजवायला हात जवळ आणतात,
ते मध्येच कशासाठी जवळ आणले ते विसरतात,
आणि मी ते धरून ठेवते.

परतताना शेवटच्या पुलावर ट्रक थांबवते.
इथून पुढे ओढा नाही, मोठी नदी,
आणि नदीपुढे सगळंच.
हा पिंजरा आजवर रिकामा निघालेला आहे.
उजेड कमी झालाय.
दोर ओढते. हाताला हलका लागतो.
अजून पुरता वर आलेला नाही.