घड्याळं पुढे केल्यावर

शेफिल्डच्या उतारावर, घरामागे
एवढासा तुकडा आमचा.
मागच्या आठवड्यात मेथी पेरली होती,
आज मातीने दोन-दोन पानांनी
ओ दिली.

सावनी गांडुळं मोजते, इंग्रजीत,
वीसच्या पुढे मराठीत,
कारण ‘एकोणतीस’ म्हणायला तिला मजा येते.
श्रीरंगने कुंपणाची फळी ठोकली,
वाकडीच. असू दे.
रॉबिन येऊन बसला तिच्यावर,
त्याची काही तक्रार नाही.

चारला डोरीन आणि नुसरत आल्या, वह्या घेऊन.
डोरीनने नवऱ्याच्या बागेतल्या बुटांवर लिहिलंय,
दोन वर्षांनी पहिल्यांदाच त्याच्याबद्दल.
कुणी बोललं नाही.
नुसरतने उठून किटली पुन्हा लावली.

माझी पाळी आली, तर वही कोरी.
म्हटलं, आज दुःखच सापडलं नाही गं कुठे.
डोरीन नाक पुसत हसली,
“मग मेथी लिही.”

सात वाजून गेले तरी उजेड हलेना.
रात्री मात्र दहिवर गोठणार म्हणतात,
म्हणून जुनी चादर घेऊन आम्ही मायलेकी
वाफ्याला पांघरूण घालून आलो.
सावनीने कडाही खोचल्या,
मी तिच्या खोचते तशा.