पाव किलो

गेल्या खेपेला बारा आठवडे
आमच्या घरात एक वजनकाटा राहायला होता.
पहाटे पाचला न्हाणीघरातून
तो वैदोतासचा आकडा सांगायचा
आणि त्यावर आम्हा तिघांचा दिवस ठरायचा.

उकडलेली कोंबडी, उकडलेला कोबी,
मीठ मोजून, पाणी मोजून,
शेवटी शेवटी तो शब्दही मोजून द्यायचा.
उगनेने एकदा त्याच्या डब्यातला एक बदाम खाल्ला,
सहा वर्षांची पोर,
आणि त्याने उरलेले मोजले.
माझ्यादेखत.

तिसरा आला. कप आहे अजून,
त्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवते.
त्याच रात्री दोन वाजता
तो फ्रिजच्या उजेडात उभा होता,
स्टेजसाठी फासलेला तपकिरी रंग घामाने ओघळलेला,
अख्खा काळा पाव काखेत धरून
तोडत, न चावता गिळत.
मला पाहून त्याने पाठ फिरवली.
ती पाठ, जिला दुपारी टाळ्या पडल्या होत्या.

ह्या खेपेला दांगुओलेबाई.
शाळेच्या खानावळीतून निवृत्त,
तरुणपणी वजनं उचलायच्या, एक गुडघा अजून कुरकुरतो.
आल्या आल्या त्यांनी काटा मागितला,
पिशवीत घातला, म्हणाल्या, शुक्रवारी आणीन.
स्पर्धा कधी? मे महिन्यात.
मग नोव्हेंबरात कसली घाई?
आठवड्याला पाव किलो उतरव. बस्स.
आणि पाव? त्याने विचारलं,
खिडकीची काच फोडलेल्या पोरासारखं.
पावही खा. दोन काप.
पण बसून खा रे बाबा,
बसून.

क्लायपेदाच्या बंदरात तो क्रेन चालवतो.
त्यांनी एवढंच विचारलं,
कंटेनर कसा खाली आणतोस?
हळू, तो म्हणाला. घाई केली की झुलतो,
झुलला की खालच्या माणसाला लागतो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बटाटे सोलत होते.
सोलत राहिले.

हिवाळा गेला तसा गेला.
रविवारी त्याच्या आईकडे बटाट्याचे गोळे,
त्यातला एकच, वर थोडी साय.
आईने तीनदा आग्रह केला, चौथ्यांदा रुसली,
पाचव्या रविवारी तिनेच एक वाढून
पातेलं उचलून ठेवलं.
फेब्रुवारीत आकडा दोन आठवडे हललाच नाही.
तो कावला. बाई म्हणाल्या,
थांबलाय ना, तूही थांब,
चार दिवस जरा जास्त जेव.
उगनेला ताप आला, तीन दिवस जिम बुडाली.
आभाळ कोसळलं नाही.

खरं सांगायचं तर धीर मलाच नव्हता.
तो झोपला की हळूच पांघरूण सारून
मी त्याच्या पोटावरच्या रेषा बघायचे,
उमटल्या का, किती उमटल्या,
आणि मग मला माझीच लाज वाटायची.

पाचवा आला.
परीक्षक म्हणाले, मांड्या अजून कोरड्या हव्या होत्या.
असतील.
परतताना बसमध्ये उगने त्याच्या दंडावर झोपली,
उतरली तेव्हा तिचा एक गाल तपकिरी.

रात्री बीटाचं गार गुलाबी सार,
शेजारी वाफाळते बटाटे, काळा पाव.
दोन वाट्या जेवला. मध्येच हसलासुद्धा,
सुकून गेलेल्या त्या पाचव्या नंबरच्या फुलांना.

दोनला मला जाग आली, सवयीने.
अंधारात फ्रिज एकटाच गुरगुरत होता.
ओट्यावर पावाचा अर्धा काप,
लोणी लावलेला, कडेला दातांची खूण,
पोट भरलं म्हणून
कुणीतरी सहज ठेवून दिलेला.

दिवा न लावता
तो मी खाल्ला.
उभ्यानेच.