कूस बदला

एर्मिंदा कायुपान जेल लागताच हसते :
गार आहे, हातात आलेल्या माशासारखं.
"श्वास घ्या. धरा."
ती धरते. मी "सोडा" म्हणायचं विसरते.

खडे मला ओळखीचे आहेत.
त्यांच्यामागे काळी सावली पडते,
कूस बदलली की घरंगळतात.
हा नाही घरंगळत.
पित्ताशयाच्या भिंतीला धरून बसलाय,
आणि यकृताच्या बाजूला भिंत कुठं संपते
ते दिसत नाही.

दारात तिची लेक : खडेच ना?
तेमुकोत सगळ्यांनाच असतात.

सीटीच्या कागदावर मी लिहिते, तातडीचे.
खोडते. पुन्हा तेच,
जरा बारीक अक्षरात.

एर्मिंदा पोट पुसते,
ओल्या टिश्यूची नीट चौघडी करते,
आणि कुठं टाकू, विचारते.