डावीकडचे आकडे

पुण्याहून मॉडेल आलं गुरुवारी.
वेंगुर्ल्याच्या बंदरावरची नवी लिलावशेड,
बर्फाची खोली, जाळी ठेवायला माळा.
माउसनं फिरवली की गरगर फिरते,
तिला खारा वारा लागत नाही, बांगड्याचा वास येत नाही.
मी तिच्यातनं मापं काढते. हेच माझं काम.
भिंती किती, कॉलम किती, लादी किती चौरस मीटर,
सगळं ओढून घ्यायचं एक्सेलच्या तक्त्यात
आणि मग बघत बसायचं, कुठं खोटं बोलतंय ते.

खाली काजूचा कारखाना. दुपारभर
टरफलांचा तेलकट धूर जिन्यानं वर येतो,
बोटं कीबोर्डला चिकटतात.

पहिल्या वर्षी शिकले ते हे:
चौकटीत उजवीकडे टेकून बसतो तो आकडा.
डावीकडे चिकटला, तर आकड्याचा वेश घेतलेलं अक्षर.
दिसतो बारा पॉइंट चार,
पण बेरजेनं हाक मारली की ओ देत नाही.
असे एकतीस निघाले. सगळे बर्फाच्या खोलीचे.
म्हणजे बेरजेच्या मते
बर्फाची खोली बांधायचीच नव्हती.

एकेकाला धरून उजवीकडे आणलं.
खिडक्यांची भोकं वजा केली.
बीम स्लॅबमध्ये घुसून दोनदा काँक्रीट मागत होता,
त्याला एकदाच दिलं.
एका दाराचं नाव ‘दार नक्कल नक्कल’.
ते कुठं उघडतं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी चिरा जास्तच.
आपा मेस्त्रींपुढे छापील कागद धरला.
त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून.
पायावर बोट फिरवत एक थर मोजला,
उंचीला थर किती ते पुटपुटले,
पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं
तेवढ्यात उत्तर:
‘पाचशे चिरे जास्ती धरलंस गे बाय.’

रात्री मॉडेल कापून बघितलं, आडवं, मग उभं.
पूर्वेची भिंत. तिच्या पोटात तीच भिंत,
बारा मीटर, तीन मीटर, तेवीस सेंटिमीटर,
केसाएवढी फट नाही.
कुणीतरी कॉपी केली असणार,
चहा आला असणार.

सकाळी सांगितलं. आपा हसले नाहीत.
‘एका जाग्यार दोन भिंती कश्यो रवतल्यो?’
रवतत, आपा. तिथं कोण कुणाला ढकलत नाही.

एक ओळ पुसली. बेरीज उतरली
आठ पॉइंट अठ्ठावीस घनमीटरनं.
तेवढ्यात इनास फर्नांडिसचा फोन:
‘चिरे इले.’
मागच्या आठवड्याच्या तक्त्यावरून
त्यानं खाणवाल्याला आगाऊ पैसे दिले होते.

तक्त्यातून चूक जायला एक बटण.
ट्रकमधून ती उतरवायला
चार माणसं, अर्धा दिवस.

तांबडी, भोकाभोकाची, माडांच्या कडेला पडून राहिली.
येताजाता मी मान दुसरीकडे वळवायची.
इनास पैशांचं काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या ढिगावर पहिली बसली अनसूया खोबरेकर.
टोपली उतरवून, पाय पसरून.
मग दुसरी आली, तिसरी आली.
लिलावाची वाट बघत उभं राहायची सवय त्यांना,
आणि मॉडेलमध्येही त्या उभ्याच होत्या:
माणसापुढे शेड केवढी ते कळावं म्हणून टाकलेल्या
राखाडी बाया, नाकडोळे नसलेल्या.
मापं काढताना मी त्यांना दर वेळी गाळते.

आपांनी कुणाला न विचारता दोरी लावली.
मोडतोड जाऊन चारशे सत्तर.
अठ्ठावीस मीटर कट्टा, तोंड समुद्राकडे.

पुण्याला कळवलं. मॉडेलमध्ये घेतो म्हणाले.
अजून घेतलेला नाही.
मी तळाला एक ओळ वाढवली, हातानं:
कट्टा, जांभा, सात पॉइंट आठ.
शेजारच्या रकान्यात लिहायचं असतं, माप कुठून घेतलं.
वरपासून खालपर्यंत ‘मॉडेल, मॉडेल, मॉडेल’.
तिथं लिहिलं, ‘टेपनं’.
दुसरं टोक अनसूयाबाईंनी धरलं होतं,
बसल्या बसल्या, ओल्या हातानं.