तोटी

कार्यशाळेत भिंतीवर कोरा कागद चिकटवला होता,
वर एकच ओळ: साथीतून आपण काय शिकलो.
पंखा करकरत होता. जेवणात कोंबडी आहे, असं कळलं होतं.
हिरवं स्केचपेन माझ्या हातात आलं,
मी बैंदू लाहाई,
कैलाहूनच्या पलीकडे नऊ खाटांच्या दवाखान्यात मदतनीस.
उभी राहिले.

डोळ्यांपुढे आली बादली.
निळी, झाकणाची, बुडाशी पितळी तोटी.
इबोलाच्या दिवसांत ती दारातच असायची, क्लोरीनच्या पाण्यानं भरलेली,
हात धुतल्याशिवाय चिटपाखरू आत येत नसे.
मग साथ सरली. तंबू गेले, पांढऱ्या गाड्या गेल्या,
जनरेटर गेला, मागोमाग त्याची वायरसुद्धा गुंडाळून नेली.
बादली राहिली.
तिच्यात आम्ही भुईमुगाचं बियाणं भरलं.
भरू नका, असं कुणी म्हणालं नाही.

चार पावसाळ्यांनी रेडिओवर पुन्हा खोकल्याची बातमी.
दाणे ओतले, बादली घासली,
तोटी फिरेना.
वांडीनं मोटरसायकलचं तेल आणलं,
तासभर तिची समजूत घालत बसला,
रुसलेल्या पोरीची घालावी तशी.
राजधानीत तेव्हा बैठक चालली होती:
बादल्यांची मागणी कोणत्या नमुन्यात नोंदवायची.

तोटीचं सांगू,
की केइफाला म्हाताऱ्याचं?
पहिल्या साथीत त्याच्या बायकोला नेलं
काळ्या पिशवीत.
कफन पांढरं असतं, बाई.
एवढं कळायला त्यांना किती कबरी लागल्या
ते मी मोजलेलं नाही.
तोवर माणसं तापानं फणफणलेली पोरं रानात लपवत होती
आणि अहवालात येत होतं: लोक सहकार्य करत नाहीत.
पांढऱ्या पिशव्या आल्या,
इमामाला दहा पावलांवर उभं राहू दिलं,
त्याच आठवड्यात दारांच्या कड्या निघाल्या.

दुसऱ्या साथीत मी त्याच्या अंगणात गेले, मास्क लावून.
म्हातारा म्हणाला, तोंड नसलेल्याशी मी बोलत नाही.
मी मागे सरले, आंब्यापर्यंत, मास्क उतरवला,
चेहरा दाखवला, पुन्हा चढवला.
अगं, ही तर लाहाईची! म्हणाला.
मग सुटला: कोण बाजारातून आलं, कोण नदीपलीकडून,
बारशाला कोण कोण एका ताटात जेवलं.
एकवीस नावं.
फॉर्मवर रकाने दहा.
उरलेली अकरा मी मनगटापासून कोपरापर्यंत लिहिली
आणि घाम पुसायचा नाही म्हणत
सात मैल चालले.
त्या महिन्याचा पगार भाताच्या कापणीला मिळाला.

हे सगळं हिरव्या पेनात मावेना.
मी तोटीचं चित्र काढलं.
बाईंनी विचारलं, म्हणजे पाणीपुरवठा ना?
मी म्हटलं, म्हणजे वांडी.
त्या हसल्या, आणि लिहिलं: पाणीपुरवठा.

कागदाचा फोटो झाला, गुंडाळी झाली,
गाडीच्या मागच्या सीटवर बसून तो गेला.
कोंबडी चांगली होती.

परतताना बाजारात उतरून
मी एक रबरी वायसर घेतला, पदरच्या पैशानं.
दर शुक्रवारी तोटी फिरवते.
उघड, बंद. उघड, बंद.
आत पाणी असो, नसो.